मनगटाची जागा

आमच्या दुकानात छपाईच्या पद्धती दोन आणि भाऊही दोन. दादा जाळीवरून शाई ओढून छापतो, म्हणजे स्क्रीन. मी गरम प्रेस चालवतो. कागदावरची अक्षरं उष्णतेनं आणि दाबानं कापडात मुरवायची, की झालं. कोणती पद्धत बरी यावर आम्ही बारा वर्षं भांडतोय. माऊसपॅडचा विषय निघाला की मी जिंकतो. दिवसभर हात घासला की दादाची शाई झिजते, माझी नाही. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय, की दादा आता मानसुद्धा वर करत नाही.

कोपऱ्यावरचे शिंपीकाका दुपारी आले. मुलगी गेल्यापासून चार महिने त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. पिशवीतून त्यांनी एक माऊसपॅड काढलं. कधीकाळी पांढरं असावं. खालच्या कडेजवळ उजवीकडे त्याला उथळ खळगा पडला होता.

"तिचं मनगट टेकायचं इथं," काका म्हणाले. "नऊ वर्षं घरांचे नकाशे काढले पोरीनं यावर. बघ हात लावून."

मी लावला. खळगा माझ्या मनगटाला लहान पडत होता.

मग त्यांनी मापांची वही उघडली. एका पानावर कुणाच्या तरी छाती-कमरेच्या आकड्यांखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाबा, जेवून घ्या. मला उशीर होईल.’

"हे अक्षर यावर उमटवून दे. तिचं अक्षर आणि तिचा हात, दोन्ही एका जागी राहतील. मला दुसरं काही नको रे."

दादा आतून आला. त्यानं पॅड उचललं आणि बोट फिरवून खाली ठेवलं.

"काका, नव्या पॅडवर छापून देतो. हे आहे तसं राहू द्या."

"नव्यावर तिचा हात कुठाय?"

"मग माझ्याच्यानं नाही व्हायचं. खळग्यात जाळी टेकत नाही, अक्षर फाटेल."

इथं मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण दादाला जमत नाही म्हटल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"माझ्याकडे होईल," मी म्हणालो.

काकांचा जन्म कापडात गेलेला. त्यांनी नेमकं विचारलं, "म्हणजे इस्त्रीच की. इस्त्रीखाली खळगा राहील?"

"दाब कमी ठेवतो. तुम्ही निर्धास्त जा."

वहीतली ओळ स्कॅन करून प्रेसच्या कागदावर उतरवली. दाब कमीच ठेवला होता, हे खरं आहे. प्रेस उघडली, कागदाची एक कड उचलून पाहिली. अक्षरं आली होती, पण फिकी. ‘उशीर’ तर डोळे बारीक करून वाचावं लागत होतं. खळग्यावरून अंगठा फिरवला. तो जागेवर होता.

"बास," दादा म्हणाला. "असंच दे त्यांना."

"हे? गिऱ्हाईक तोंडावर फेकेल."

"ते गिऱ्हाईक नाहीत रे, धाकट्या."

मला ऐकू आलं होतं. पण फिका माल माझ्या हातून बाहेर जात नाही, ही बारा वर्षांची मिजास. मी कड पुन्हा चिकटवली, दाब रोजच्या खुणेवर नेला आणि प्रेस बंद केली. पन्नास सेकंद. रोज पन्नासदा करतो तसं, दुसरा काहीही विचार न करता.

अक्षर सुरेख आलं. पेन्सिलीचा तुटका कानासुद्धा जसाच्या तसा. आणि पॅड या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, दुकानातून आज आणल्यासारखं.

मी वाफ दिली. अंगठ्यानं दाबून पाहिलं. शेवटी त्याच जागी माझं मनगट रोवून अर्धा तास बसलो. उचललं की रबर मुकाट्यानं वर यायचं. मनगट रोवून मी काय करत होतो, तर त्या म्हाताऱ्याला फसवायचं ठरवत होतो. दादानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी काका आले. मी पॅड पुढे केलं आणि खाली बघत राहिलो.

"अक्षर छान उमटलंय," ते म्हणाले. मग त्यांनी उजवं मनगट टेकवलं. थोडं डावीकडे सरकवलं, थोडं खाली. कापडातली शिवण शोधतात तसं बोटांनी चाचपलं. पॅड फिरवून पाहिलं, पुन्हा सरळ केलं.

"काका, चुकलो मी," मी म्हणालो. "वापरात ठेवा. पडेल हळूहळू खळगा."

त्यांनी पॅड वहीत घातलं आणि वही छातीशी धरली.

"पडेल की," ते म्हणाले. "पण तो माझ्या हाताचा पडेल, बाळा."

दादानं पुढे होऊन त्यांना दार उघडून दिलं.