वर अडकलेलं स्टिअरिंग

दूध संस्थेच्या मीटिंगला निघताना वाल्मिकने अत्तर लावलं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि आरशात दोन्ही बाजूंनी बघून घेतलं. संस्थेची चेअरमन त्याची बायको होती, ही बारीकशी गोष्ट त्याच्या ध्यानात नव्हती.

"तू घरीच थांब," तो राजेश्वरीला म्हणाला. "कानिफनाथ येईल स्टिअरिंग बघायला. पन पार्ट बाहेरच्या देशातून मागवावा लागतो म्हनं. तवर मीटिंग मी बघतो. तू सही नंतर कर."

आणि संस्थेचा सेक्रेटरी भिमाजी घ्यायला आला होता, त्याच्या जीपमध्ये नवरदेवासारखा ऐटीत चढून तो निघून गेला.

चेअरमनची जागा बाईसाठी राखीव झाली, तेव्हा वाल्मिकनेच राजेश्वरीला उभं केलं होतं. बायको म्हणजे घरातला रबरी शिक्का, अशी त्याची समजूत. सुरुवातीला तोच चेअरमनच्या खुर्चीत बसायचा, बोलायचा, हुकूम सोडायचा. ती शेजारी बसून दाखवील तिथं सही करायची. पुढं पुण्याहून त्याने एक जुनी पण मोठ्या थाटाची मोटार आणली आणि तिथं त्याचा हिशोब चुकला. राजेश्वरी गाडी चालवायला शिकली.

वाल्मिक ताडमाड, ती जेमतेम त्याच्या खांद्याला. पण या गाडीचं स्टिअरिंग बटनावर खाली-वर, पुढं-मागं व्हायचं. बटन दाबलं की आत मोटर गुणगुणायची आणि चाक अलगद तिच्या हाताशी येऊन थांबायचं. सासरच्या घरात तिच्या मापाला आलेली ही पहिलीच वस्तू. ती एकटी मीटिंगला जायला लागली आणि पहिल्याच फटक्यात तिने वाल्मिकच्या चुलतभावाचा दुधाचा टेम्पो बंद केला. तो संगमनेरला जाताना ढाब्यावर तासन् तास थांबायचा आणि दूध नासवायचा.

मग राजेश्वरी आजारी आईला बघायला राजूरला माहेरी गेली. परत आली तर स्टिअरिंग पार वर, आणि बटन दाबून काही हलेना. खाली उशी घेऊन तिने गाडी काढून बघितली, तर चाकाची कड बरोबर डोळ्यांपुढं. गोठ्याची भिंत थोडक्यात वाचली.

वाल्मिक पोट धरून हसला होता. "गाडीलाबी कळतं, कुनाला बसवायचं!"

कानिफनाथ उन्हं वर आल्यावर आला. हायवेला त्याचं गॅरेज होतं. कपाळावर काळा गॉगल चढवलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्याने दार उघडलं, बटन एकदा दाबलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"मोटर जळाली, वहिनी. स्टिअरिंगचा आख्खा कॉलम बदलावा लागंल. लई महिने लागतील."

"खोलून बघितलंस?"

"अनुभव हाय ना."

राजेश्वरीने त्याच्याकडं नासलेल्या दुधाकडं बघावं तसं बघितलं. कडबा कापायच्या कुट्टी मशीनच्या आणि दुधाच्या चिलिंग टाकीच्या मोटरी तिने आयुष्यभर ऐकल्या होत्या.

"मोटर जळाली तर वास येतो. अडकली तर घुमते. ही तर मुकी बसलीय. तिच्यापर्यंत करंटच पोचत न्हाई."

"घरची मोटर येगळी, गाडीची येगळी."

"गाडीची जळली तर काय अत्तराचा वास येतो व्हय?"

कानिफनाथने नाइलाजाने फ्यूज काढून टेस्टर लावला. फ्यूज धडधाकट निघाला. "बघा, फ्यूज चांगलाय. म्हंजी मोटरच," असं म्हणून तो पिशवी आवरायला लागला.

"खालचं कव्हर काढ."

"एअरबॅग उडंल, वहिनी!"

"एअरबॅग चाकाच्या मधी असती. तुला खालचं प्लॅस्टिक काढायचंय. काढ, न्हाईतर पान्हा माझ्याकडं दे."

त्याने स्क्रू इतक्या सावकाश काढले, की जणू एकेकाला निरोप देत होता. कव्हर सुटलं तशी राजेश्वरी मोबाईलचा उजेड धरून वाकली. मोटरची खाच रिकामी होती. तिच्यात बसायचा प्लग बाहेर काढून काळ्या टेपने नीट गुंडाळला होता आणि खडखडू नये म्हणून पट्टीने वर बांधून ठेवला होता.

"उंदीर," कानिफनाथ म्हणाला. "उंदरं लई झालीत औंदा."

"उंदराला टेप गुंडाळता येती व्हय रं?"

कानिफनाथ खाली बघायला लागला. राजेश्वरीला आधी वाटलं, आता आपल्याला संताप येईल. पण आली ती किळस. वाल्मिकला घरातला बल्ब बदलता येत नव्हता. बायकोला अडवायचं, तर त्यासाठीही त्याला माणूस भाड्याने आणावा लागला होता.

"तूच केलंस."

"वाल्मिकअण्णा म्हनले, थोडे दिवस. वहिनी कुठं तरी ठोकतील. काळजीपोटीच म्हनले हो."

"काळजी! आनि मी कुठं हुते तवा?"

"तुमी... राजूरला गेल्ता."

तिकडं ती आईच्या उशाशी बसलेली, आणि इकडं दोन बाप्ये गाडीत डोकं घालून तिचा प्लग काढत होते. घरात दरोडा घालायची धमक नाही, म्हणून वहाणा चोरणाऱ्यांची जात!

"बसव," ती म्हणाली.

प्लग टक्कन बसला. तिने बटन दाबलं. मोटर गुणगुणली, स्टिअरिंग जरासं खाली आलं आणि मध्येच थांबलं. कानिफनाथच्या तोंडावर लगेच तकाकी आली. "म्हनलो हुतो ना, खराबच हाय!"

तिने नुसतं बघितलं. तेवढ्यानेच त्याची तकाकी उतरली.

"प्लग निघाला की त्याला आपली हद्द आठवत न्हाई," तो पुटपुटला. "पार वर, पार खाली, मग पुढं-मागं टोकापर्यंत न्यायचं. मग वळखतंय."

तिने स्वतः सीटवर बसून चाक प्रत्येक टोकाला नेलं. मग ते विनातक्रार खाली उतरून तिच्या हाताशी आलं.

"वहिनी, अण्णांपुढं माझं नाव तेवढं..."

"तुझं नाव कशाला घीन मी? तुला मोजतंय कोन?"

संस्थेच्या खोलीत वाल्मिक खुर्चीत रेलून बसला होता. "चेअरमनबाईंची तब्येत जरा नरम हाय," असं तो सांगत असतानाच ती दारात उभी राहिली. सभासदांचे चहाचे कप हातातच राहिले.

"अगं, गाडी कशी काय...?"

"प्लग निघाला हुता. बसवला."

"आपोआप निघाला?"

"न्हाई. हातानं. काळी टेपबी लावलीवती." तिचा आवाज जराही चढला नाही. "उठा. तुमी ह्या संस्थेचे कोनी न्हाई."

भिमाजीने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हसत होते. वाल्मिक उठला. एवढा उंच माणूस, पण दाराकडं जाताना खुर्च्यांमधून अंग चोरत गेला. उंबऱ्याशी वळून म्हणाला, "मी गाडीत बसतो."

"गाडीत कशाला? कानिफनाथ येईल ना मोटरसायकल घेऊन. त्याचं नि तुमचं चांगलं जमतं."

तो बाहेर झाडाखाली उभा राहिला. खिडकीतून त्याचा पांढरा शर्ट दिसत होता. त्याला चहा नेऊन द्यायला कुणी उठलं नाही. आपण जिंकलो, असं राजेश्वरीला काही वाटलं नाही. इतकी वर्षं आपण भ्यालो ते ह्याला, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

"पयला विषय काय हाय?" तिने विचारलं.

भिमाजी चाचरला. "बंद केलेला टेम्पो परत चालू करन्याबाबत. अण्णांनी घ्यायला सांगितलावता."

"त्याचा निकाल झालेला हाय," राजेश्वरी म्हणाली. "फुडचा घ्या."