खंडेनवमीला थांबलेला रेणू

मित्रांनो, मी तीन संगणकांचा मिळून झालेला एक जुना संगणक आहे. पेटी गोखिवऱ्याच्या एका बंद कारखान्यातली, पंखा दुसऱ्याचा, मेमरी तिसऱ्याची. वसईच्या वाडीतल्या घरी अक्षयाने मला जोडले.

"गिरण आणलीस का गं घरात?" तिची आई सुभद्रा म्हणाली. ते कौतुकच होते, असे मी धरून चालतो.

अक्षया उन्हापासून त्वचा वाचवणाऱ्या मलमातल्या एका रेणूचा अभ्यास करते. रेणू प्रकाश गिळतो. पुढच्या अतिसूक्ष्म क्षणात तो काय करतो, हे मी गणिताने, पावलापावलाने घडवून पाहतो. कुठे वळायचे हे ठरवताना मध्ये फासाही टाकावा लागतो. म्हणून तोच रेणू पुन्हापुन्हा चालवायचा. बहुतेकदा तो उष्णता सोडून शांत होतो. कधीतरी तुटतो, असे अक्षयाला वाटे. तिच्या सरांना वाटत नसे. तुटत असेल, तर ते मलम उन्हात टिकायचे नाही. दसरा झाला की सरांना निकाल दाखवायचा होता, आणि अजून एकही रेणू तुटला नव्हता.

खंडेनवमीला ती फुले आणायला गेली. रेणूने प्रकाश गिळला. त्याचा एक बंध ताणला गेला. आणखी ताणला गेला. इतका आजवर कधीच नाही. आता तो तु

 

मधले मला माहीत नाही. दसऱ्याच्या सकाळी मी सुरू झालो, तेव्हा माझ्यावर कुंकू होते आणि पंख्याशी झेंडूची माळ.

"कोयत्याला सुट्टी, पहारीला सुट्टी," अक्षयाचे वडील, पांडुरंगबाबा सांगत होते. "हाच बिचारा महिनाभर घरघरतोय. हत्यार नाय काय तो? केला बंद, केली पूजा."

"बाबा, विचारायचं तरी!"

"हत्याराची पूजा करायला कोनाला विचारायचं, बाय?"

थोडे आधीचे पाऊल माझ्याकडे जतन होते. फाशांचा क्रम मात्र जतन नव्हता, म्हणून तिथून निघालो तरी वाट तीच राहील असे नव्हते.

रेणूने प्रकाश गिळला. त्याचा एक बंध ताणला गेला. आणखी ताणला गेला. मग सैल झाला. रेणू शांत.

बाबांचा चेहरा उतरला. "सरांना सांग, मोडला म्हनून."

"मी कुठे पाहिला? मी फुलं आणत होते. पाहिला फक्त ह्याने."

"मग ह्यालाच ने साक्षीला," सुभद्रा म्हणाली.

माझ्याच पडद्यावरून, निकालांचा तक्ता पाहत सरांनी विचारले, "हा एक रकाना रिकामा का?"

"अपुरा राहिला, सर. शांत झाला म्हणणार नाही, तुटला म्हणणार नाही. पण इतका ताणलेला दुसरा नाही. त्याच जागेपासून पुन्हापुन्हा चालवू द्या."

"चालव," सर म्हणाले.

मी चालवत राहिलो. एका दुपारी बंध तुटला. अक्षया ओरडली, तसे बाबा मातीच्या हातांनी धावत आले आणि बटणापासून चार हात लांब उभे राहिले.

मित्रांनो, चालते काम थांबवण्याआधी विचारत जा. माझ्या पंख्यातली धूळही कधी झटका. आणि जे अर्धे राहिले, ते अर्धेच म्हणून जपा. नंतरचे रेणू तुटले. खंडेनवमीचा तो तुटणार होता का, हे मलाही कधी कळणार नाही. अक्षयाने त्याची जागा अजून रिकामीच ठेवली आहे.