खणखणीत आवाजाचा फोन

आमच्यात सुनेने थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं. सत्तावीस वर्षं मी घेतलेलं नाही. नावातला शब्दसुद्धा तोंडात येऊ नये म्हणून सोव्हिएत काळाला मी ‘ते मागचं सरकार’ म्हणत आले, कारण आमच्या थोरल्याचं नाव सोवेतबेक. इथे मात्र घेते. सोवेतबेक, सोवेतबेक. काही आभाळ कोसळलं नाही.

या सोवेतबेकने तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात कागदांवर शिक्के मारले. एकाही मेंढीला हात लावला नाही. पण आमच्या कोचकोर गावात कुणाची मेंढी खोकली तरी तिला काय झालंय ते हा घरी बसून सांगतो. आता निवृत्त झालाय, त्यामुळे सांगायला दिवसभर मोकळा असतो.

त्याला जावईही त्याच्या तोलाचा मिळाला. मेलिस त्याचं नाव. वय तेहतीस. तो फोनवर फोनांचेच व्हिडिओ बघतो. कामाचं काय म्हणून विचारलं तर ‘बघतोय’ म्हणतो, आणि ते मात्र खरं आहे.

फोन घ्यायचा होता अनारकानसाठी. अनारकान माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. राजधानीतल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत शिकून ती आमच्या घरात आली, तेव्हा तिची हातांची भाषा घरात कुणालाच येत नव्हती. मी शिकले. मोठं मन वगैरे काही नव्हतं. एका स्वयंपाकघरात दोन बायका, भांडायला भाषा नको? भांडता भांडता चांगली शिकले. बाकीच्यांनी पंचवीस वर्षांत तीन खुणा शिकल्या: चहा, पाणी, इकडे ये.

तिचा मुलगा इलियाज आधी हातांनी बोलायला लागला आणि मग तोंडाने. पोराचे कान चांगले आहेत. सात वर्षं झाली, तो रशियात काझानला एका गोदामात काम करतो. दर रविवारी दुपारी आईला फोन लावतो आणि दोघं तासभर हातांनी बोलतात. चहाचा समोवार कुरकुरत असतो, बाकी खोलीत चिटपाखराचा आवाज नाही, आणि अनारकान मधूनच पोट धरून हसते. सोवेतबेकला ते कधीच खपलं नाही. ‘काय बोलतात कोण जाणे,’ म्हणायचा. घरातली एवढी एकच गोष्ट त्याला विचारल्याशिवाय चालत होती.

ऑक्टोबरात गायीने अनारकानच्या फोनवर पाय दिला. इलियाजने नव्या फोनाचे पैसे पाठवले ते थोरल्या काकाच्या नावावर, कारण वडीलधाऱ्याला डावलून आईच्या हातात पैसे देणं आमच्यात बसत नाही. बरोबर निरोप होता, ‘आईला आवडेल तो घ्या.’ पहिलीतल्या पोराला कळेल असं वाक्य. आमच्या शहाण्यांना त्यातून एवढंच कळलं की आपण बसून ठरवायचं.

एवढ्या पैशांत दोनच फोन बसत होते, एक निळा आणि एक काळा. किमतीत पाचशे सोमचा फरक. अनारकान मला घेऊन बाजारात आधीच जाऊन आली होती. दुकानातल्या पोरीने दोन्ही फोन हातात दिले. अनारकानने ते एकेक करून काउंटरवर डब्याला टेकवून उभे केले, पुढच्या कॅमेऱ्यासमोर अर्धा तास हातांनी स्वतःशीच बोलत राहिली आणि मग दोन्हींतलं चित्रण आम्ही पाहिलं. निळ्यात तिचं नखन् नख दिसत होतं. काळ्यात हात जरा पळाला की मागे धुराचा पट्टा, आणि पाच बोटांची मिळून एक पळी.

‘यात मी तोतरी होते,’ ती काळ्याकडे बोट करून म्हणाली. ‘निळा.’

‘निळा,’ मीही म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

शुक्रवारी सोवेतबेकने बैठक बोलावली. माझा नवरा मेंढ्या घेऊन हिवाळी तळावर गेला होता, म्हणून आमच्या बाजूने मी. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानवर तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा, आणि मधोमध दोन बंद खोकी. मेलिस ती दुकानातून ‘दाखवून परत आणतो’ म्हणून घेऊन आला होता. अनारकान दाराजवळ बसून चहा ओतत होती. जिच्यासाठी फोन, तिची जागा दाराजवळ. फोन निवडणाऱ्यांच्या पाठीला तीन तीन उशा.

मेलिसने घसा साफ केला. ‘बाबा, माझं स्पष्ट मत आहे, काळा घ्या. याला दोन स्पीकर आहेत. एक वर, एक खाली. आवाज असा की अंगणातून ऐकू येईल.’

‘आणि निळ्याला?’ सोवेतबेकने विचारलं.

‘एकच. तोही खाली. हात ठेवला की आवाज दबतो.’

‘मग तो काय कामाचा?’

‘तेच म्हणतो ना मी. शिवाय काळ्याचा मागचा कॅमेरा बघा. डोंगरावरची मेंढी मोजता येईल.’

‘कानावरचा डागसुद्धा दिसेल?’

‘दिसेल म्हणजे? डागाचा मालक कोण तेही दिसेल.’

दोघे हसले. तिथे एक बाई बसली होती, जिने आयुष्यात आवाज ऐकला नाही, जिच्याकडे मेंढी नाही, आणि जिला डोंगराचं नाही तर स्वतःच्या दोन हातांचं चित्र मुलाकडे पाठवायचं होतं. तिच्यासाठी हे दोन उंटावरचे शहाणे तासभर स्पीकर मोजत होते. सोवेतबेकने तर दोन्ही फोन खोक्यांतून काढून, चालू करून त्यांवर कोमूझचं, आमच्या तीन तारांच्या वाद्याचं, गाणं लावून पाहिलं. डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘काळ्यात तार वेगळी कळते.’

मला हसू आलं नाही. चीड आली. आणि चीड आलेली असताना मी काय केलं? अनारकानकडून क्षणभर किटली घेऊन त्याच्या वाटीत चहा ओतला. वाटी अर्धीच भरली, कारण पूर्ण भरली तर ‘उठा आता’ असा अर्थ होतो. त्या माणसाचा एवढा मान मी त्या वेळीही सांभाळत होते.

अनारकान ओठ वाचते. त्या दोघांच्या तोंडांकडे ती बघत होती, पण मेलिसच्या मिशा आणि सोवेतबेकच्या तोंडातला बोरसोक यांतून तिला निम्मंच कळत असणार. पण निम्मं पुरलं. तिने किटली खाली ठेवली, पुढे सरकली आणि निळ्या खोक्यावर बोट ठेवलं.

‘बघा, रंग आवडला,’ सोवेतबेक मेलिसला म्हणाला. ‘बायकांचं हे असंच. आत काय आहे ते बघायचं नाही.’

अनारकानने मान हलवली आणि माझ्याकडे वळून भराभर बोलायला लागली. ‘यांना सांग. काळ्यात माझे हात दिसत नाहीत. आपण दुकानात पाहिलं. त्याला माझं बोलणं कळणार नाही. बुरुल, सांग यांना.’

मी तोंड उघडलं. ‘भाऊजी, ती म्हणतेय...’

‘कळलं, कळलं,’ सोवेतबेक म्हणाला. ‘निळा हवाय तिला. लहान मुलालाही लाल गाजर हवं असतं. ती हौस पुरवण्यासाठी का पोराने घाम गाळून पैसे पाठवले? घराचा थोरला म्हणून मला विचार करायला नको?’ आणि त्याने दोन्ही तळवे छातीसमोर वर केले. ‘चला. या फोनातून नेहमी चांगलीच बातमी येवो, पोरगं सुखरूप राहो, घरात बरकत राहो...’

आशीर्वाद सुरू झाला की आमच्यात सगळ्यांचे तळवे वर जातात. बोलणं जिथल्या तिथे थांबतं. नंतर ‘ओमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवले की गोष्ट पक्की झाली. ती मोडणारा घरावर अरिष्ट आणतो. त्यामुळे वाद हरायला लागला की थोरले आशीर्वाद देतात. सोवेतबेक तर फार देतो.

मेलिसचे तळवे वर गेले. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बायकोचे गेले. माझेही गेले, शिकवलेल्या बकरीसारखे.

अनारकानचे हात मात्र चालूच होते. ‘थांबा, माझं झालं नाही, थांबा.’ त्या खोलीत आशीर्वाद चाललाय आणि एक बाई हात हलवतेय, हे मला बघवेना. लोक काय म्हणतील, वाटलं. लोक म्हणजे कोण? ते तिघंच. मी तिची दोन्ही मनगटं धरली, हात खाली आणले आणि तळवे उघडून वर करून दिले, नव्या सुनेचे करतात तसे.

ज्या बाईची जीभ तिच्या हातांत आहे, तिचे हात मी धरले. ते मला धरताक्षणी कळलं होतं आणि तरी मी सोडले नाहीत.

‘ओमीन,’ सगळे म्हणाले.

अनारकानने तोंडावरून हात फिरवला नाही. किटली उचलली आणि बाहेर गेली. मेलिस संध्याकाळी निळा फोन दुकानात परत देऊन आला.

रविवारी नव्या फोनाच्या मानासाठी सगळे अनारकानच्या खोलीत जमले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, तिच्या खोलीला खिडकी एक, तीही बोटभर. दोन शेजारणी नवी वस्तू बघायला आल्या, रिकाम्या हाताने बघू नये म्हणून साखरेचे खडे घेऊन आल्या आणि ते सोवेतबेकच्या हातात दिले. त्याने ते घेतलेही.

इलियाजचा फोन आला. खोलीभर माणसं बघून तो तोंडाने म्हणाला, ‘सलाम!’ त्याचा आवाज एवढा मोठा आला की शेजारीण दचकली.

‘बघा!’ मेलिस म्हणाला. ‘अगदी शेजारी बसल्यासारखा.’

सोवेतबेकने फोन आपल्याकडे ओढला. हवा, गवत, कोण वारलं, कुणाचा घोडा विकला, सगळं सांगून झालं. दर दोन वाक्यांनी विचारायचा, ‘आवाज कसा येतोय?’ तो बिचारा ‘छान येतोय, मोठे काका,’ म्हणायचा. शेवटी तोच म्हणाला, ‘जरा आईकडे द्या ना.’

अनारकानने फोन उशीला टेकवला, केस मागे सारले आणि बोलायला लागली. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र मला दिसत होतं. दोन बाह्या, आणि बाह्यांच्या पुढे वाफ.

इलियाजने डोळे बारीक केले. हातांनी म्हणाला, ‘पुन्हा सांग.’ तिने पुन्हा सांगितलं. ‘सावकाश.’ तिने सावकाश सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, मठ्ठ पोराशी बोलावं तसं. आणि ते पोर मठ्ठ नव्हतं. जगात तिच्याशी तिच्याइतकं भरभर बोलणारं ते एकच माणूस होतं. ‘अजून सावकाश,’ तो म्हणाला. तिचे हात जवळजवळ थांबले. तेव्हा कुठे त्याला एक शब्द कळला असावा, ‘गाय’. तो कसनुसा हसला.

मग त्याने हात खाली घेतले आणि तोंडाने विचारलं. तेच मला सगळ्यात लागलं. ‘बुरुलकाकू आहे का तिथे? आई काय म्हणतेय? तिचे हात दिसत नाहीत मला.’

सात वर्षांत त्या दोघांना कधी मधे माणूस लागला नव्हता.

‘सांग, सांग,’ सोवेतबेक खूश होऊन म्हणाला. ‘आता आम्हालाही कळेल, हे तासभर काय बोलतात ते.’

अनारकानने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, रागावलेली ती मला ठाऊक आहे. पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं. मग फोनकडे पाठ करून माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. मी मोठ्याने सांगत गेले.

‘इलियाज, आई म्हणते, हा फोन मी निवडलेला नाही. मी निळा मागितला होता. त्यात माझे हात दिसत होते.’

सोवेतबेक म्हणाला, ‘हे कशाला आता?’

‘आई म्हणते, मोठ्या काकांनी आवाज पाहून हा घेतला. आवाज.’ तिने आपल्या कानाला बोट लावून दाखवलं होतं; ते मी शब्दांत सांगितलं. एक शेजारीण खाली मान घालून बसली.

‘बुरुल, पुरे,’ सोवेतबेक म्हणाला.

‘ती बोलतेय, भाऊजी. मी बोलत नाहीये,’ मी म्हणाले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला उलट बोलले होते, आणि तेही दुसरीच्या पदराआड लपून.

‘आई म्हणते, मी सांगत होते तेवढ्यात यांनी आशीर्वादाला हात वर केले.’

मग अनारकानने शेवटचं वाक्य सांगितलं. ते सांगून तिने हात मांडीवर ठेवले आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली. माझे ओठ ती पंचवीस वर्षं वाचतेय. त्यांच्यापुढे एक शब्द गाळायची सोय नाही. तरी माझ्या मनात आलं की हे तेवढं गाळावं. सोवेतबेकला मी इतका वेळ नावं ठेवली, पण त्याच्याच जातीची मी.

‘आई म्हणते,’ मी म्हणाले, ‘माझं बोलणं चालू होतं, तेव्हा बुरुलने माझे हात धरून बंद केले. खरं आहे ते, इलियाज. मीच धरले.’

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

मेलिसने पुढे वाकून फोन हलवून पाहिला. ‘नेट गेलं वाटतं,’ तो म्हणाला.

नेट गेलं नव्हतं. इलियाजचा चेहरा पडद्यावर स्वच्छ दिसत होता आणि तो माझ्याकडे बघत होता.