सुतळीच्या भिंती

भाचीने चौथी खुंटी दगडाने ठोकली, सुतळीला गाठ मारली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. तळ्याकाठच्या गवतात एक खोली उभी राहिली होती, म्हणजे आडवी पडली होती. घरं आखणं हा तिचा धंदा, पण कागदावरच्या घरावर तिचा भरवसा नव्हता. आधी सुतळीच्या घरात घटकाभर राहून बघा, मग लाकडाचं बोलू, असा तिचा शिरस्ता.

मावशी दारातून आत आली. दार म्हणजे सुतळीत सोडलेली फट.

“इथे चूल, इथे खुर्ची, या भिंतीला लागून पलंग,” भाची दाखवत गेली. “छपरावर सोलर, दिव्यापुरतं. पावसाचं पाणी टाकीत. तार नाही, नळ नाही.”

“आणि शेजारी नाहीत,” मावशी खुशीत म्हणाली.

“बगळे आहेत.”

“असू देत. चौकशा तर करत नाहीत.”

पुढच्या हिवाळ्यापासून इथेच राहायचं मावशीने ठरवलं होतं. काकांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. “खोली एकटीपुरतीच आख गं,” मावशी फोनवर म्हणाली होती आणि मग उगाचच बराच वेळ हवापाण्याचं बोलत बसली होती.

काका आज निव्वळ गाडी चालवायला आले होते. गाडीतच पेपर उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेवटी घडी बगलेत मारून ते खाली आले.

“खिडकी कुठंय?”

भाचीने दाखवली.

“पूर्वेला? पलंगासमोर? सकाळचं ऊन थेट डोळ्यांत जाईल.”

“माझ्या जाईल,” मावशी म्हणाली. “तुम्हाला काय त्याचं?”

“मला काय असायचंय? चूक दिसली, सांगितली.” ते सुतळी ओलांडून आत आले.

“अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे.”

काका निमूट बाहेर गेले, वळसा घालून दारातून आले आणि चूक दाखवून द्यायला पलंगावर, म्हणजे गवतात, आडवे झाले. एक डोळा मिटून त्यांनी खिडकीचा अंदाज घेतला.

“झोपूनसुद्धा पाणी दिसतंय की,” ते म्हणाले. सूर तक्रारीचाच होता.

भाची हसू दाबत बघत होती. मग तिचं हसू जरा थांबलं. घरी भिंतीकडची बाजू काकांची. मावशी पहाटे उठते, तिला कुणाला ओलांडावं लागू नये म्हणून अलीकडची तिची. काका आता डोळे मिटून तसेच निजले होते, अलीकडे तिची जागा सोडून. पलंग मात्र एकाचा. त्यामुळे अर्धे काका घरात होते आणि अर्धे भिंतीबाहेर.

मावशीनेही ते पाहिलं. ती वाकली आणि तिने कोपऱ्यातली खुंटी उपटली.

“तो दगड दे गं इकडे.”

“मावशी, भिंत सरकवलीस तर छप्पर वाढेल हं.”

“वाढू दे. यांचे पाय गारठतात.”

काकांनी डोळे उघडले नाहीत.

“मग पडद्याचंही बघा,” ते म्हणाले. “निळा नको.”