कामोंगोचा वास लागलेले मडके

मित्रांनो, मी एक जुने मातीचे मडके आहे. खरे तर होते, आता माझी खापरेच उरली आहेत. चुलीवरच्या चाळीस वर्षांत मी माशांची आतडी पाहिली, खरकटे पाहिले, पण किळस आली ती एका माणसाची. त्याचे नाव चिरांगी.

माझा जन्म आफ्रिकेतल्या माजितातला, न्यांझा सरोवराच्या काठचा. एका म्हाताऱ्या कुंभारणीने काठची माती मळली, हातांनी मला वळले आणि गवताच्या जाळात भाजले. चिरांगीची बायको न्यांगेता हिने मला डोक्यावरून घरी आणले. माझ्यात सातो मासा शिजला की पाहुणे उगालीचा, म्हणजे पीठ घट्ट शिजवून केलेल्या गोळ्याचा, घास रश्श्यात बुडवत आणि म्हणत, "वहिनी, हे मडकं जाताना आमच्या होडीत टाका." मी मनातून फुलून जाई. मग अ‍ॅल्युमिनियमची पातेली आली आणि माझी रवानगी दाराआड झाली. वर्षातून एकदा, कुळाची बैठक भरली की तेवढी माझी आठवण होई.

त्या बैठकीत चिरांगी कुळाची कथा सांगे. मूळपुरुष सरोवरापलीकडून निघाला, भर पाण्यात होडीला भोक पडले, आणि चिखलात राहणाऱ्या लांबोळक्या कामोंगो माशाने त्या भोकात आपले अंग घालून होडी तारली. म्हणून हे कूळ कामोंगो खात नाही. आमच्याकडे प्रत्येक कुळाचे असे एक वर्ज्य असते. सून माहेरचे वर्ज्य पाळते, पण सासरी जे चालत नाही ते सासरच्या भांड्यात शिजवत नाही. कथा संपली की चिरांगी होडीतल्या पुरुषापासून स्वतःच्या बापापर्यंतची नऊ नावे एका दमात म्हणे. बायाबापड्या डोळे पुसत.

आणि हाच चिरांगी एका दुपारी, बायका कसावाच्या शेतात गेलेल्या पाहून, केळीच्या पानात कामोंगो गुंडाळून घेऊन आला. पातेली काळी झाली तर बायको विचारील, म्हणून त्याने मला ओढून काढले. मासा शिजला. त्याने दार लावून तो खाल्ला, मणके चोखले, मनगटापर्यंत आलेला ओघळ चाटला आणि समाधानाने ढेकर दिला. मग मूठभर वाळूने मला खसाखसा घासून परत दाराआड ठेवले. मित्रांनो, मी माती आहे, प्यायलेले तेल मला ओकता येत नाही. तो वास अंगात घेऊन मी चार दिवस मळमळत बसले.

पाचव्या दिवशी बैठक होती. चिरांगीचा चुलतभाऊ माफुरू याने माझ्यात डोकावले आणि नाकाला हात लावला.

"दादा, ह्याला कामोंगोचा वास येतोय."

सगळे चिरांगीकडे बघू लागले. हा गृहस्थ डोळे मिटून म्हणाला, "मला वाटलंच होतं. सूनबाईंच्या माहेरी खातात ना."

सून न्यांजुरा चार महिन्यांच्या तान्ह्याला पाजत बसली होती. "मामंजी, मी ह्या मडक्याला हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली.

"मग काय मडकं आपल्या पायांनी तळ्यावर गेलं? तू उद्या माहेरी जा. पोर कुळाचं आहे, ते इथंच राहील."

तिने मुलाला इतके घट्ट धरले की ते रडू लागले. तिचा नवरा मसातू चटईच्या काड्या मोजत बसला. त्याचीही मला शिसारी आली.

तेव्हा न्यांगेता पुढे आली. तिने मला पाण्याने काठोकाठ भरले. असा आळ आला की त्याच भांड्यातले पाणी आपल्या पूर्वजांची नावे घेऊन प्यायचे, ही इथली रीत. पूर्वजांची नावे घेतलेल्या तोंडाने कोणी खोटे बोलत नाही.

न्यांजुराने बापाकडची नावे घेतली आणि ती त्या घाण वासाचे पाणी ओंजळभर प्यायली.

"झालं. आता घरच्यांनी," न्यांगेता म्हणाली. "आधी कर्त्यानं."

"मी? अगं, मी कुळाची कथा सांगणारा माणूस!"

"म्हणूनच तर. तुम्हाला नावं पाठ आहेत."

चिरांगी वाकला. पहिले नाव आले, दुसरे आले. तिसऱ्याला जीभ टाळूला चिकटली. एवढ्या जवळून मला त्याच्या तोंडाचा वास येत होता, आणि त्यालाही माझा. तो ताडकन उठला. "फुटकं मडकं आहे, गळतंय," असे म्हणत त्याने काठी हाणली. माझी शकले झाली, पाणी त्याच्याच पायांवर सांडले.

"मडकं फोडतात ते घरचा कर्ता गेल्यावर," न्यांगेता शांतपणे म्हणाली. "न्यांजुरा, लेकराला घेऊन आत जा. माफुरूभाऊजी, पुढची नावं आता तुम्ही म्हणा. ह्या घराला आज सुतक आहे."

माफुरूने नावे म्हटली. चिरांगी ओल्या पायांनी कुंपणापाशी उभा राहिला. त्याला बस म्हणायला कोणी गेले नाही.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, एवढेच सांगायचे माझ्या मनात होते. पण भांडे पुन्हा घडवता येते. न्यांजुरा मात्र अजूनही सासऱ्याचा खोकला ऐकला की हातातले काम टाकून आधी लेकराला उचलते. आपले पाप दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात टाकू नका.