अकरा मिलिमीटर

वकील मोन्तोर्सींच्या दोन्ही गाड्या आमच्या वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक यंदाची, कार्बनची, बटण दाबलं की गुरगुरणारी. दुसरी चौसष्ट सालची, अ‍ॅल्युमिनियमची. अशा तीनच बनल्या, त्यातली ही एकच उरली. येत्या रविवारी आमच्या मोदेना शहराच्या चौकात लोकांनी दोघींची तुलना करावी, अशी वकिलांची हौस.

खुब्याचं हाड मोडून मी दहा आठवडे इस्पितळात होतो. जाताना फाउस्तोला, माझ्या मुलाला, म्हणालो होतो, "जुनीला तुला योग्य वाटेल ते कर. आता वर्कशॉप तुझं." मोठेपणा मिरवायची खोड मला पहिल्यापासून.

जुन्या गाडीचं अंग आम्ही हातोडीने ठोकून घडवलं होतं. डावी बाजू माझी, उजवी माझ्या भावाची, नुल्लोची. त्याचा मडगार्ड माझ्यापेक्षा बोटभर फुगीर झाला तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. तो हसला. "लेआर्को, गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसतात रे?"

एक्क्याऐंशीत तो गेला. पुढे लांबलांबून लोक यायला लागले, फोटो काढायला लागले. अंग कुणी घडवलं, असं विचारलं की मी सांगायचो, "मी." पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली. एकटा असलो की मात्र उजव्या चाकाच्या वर, आत हात घालायचो. नुल्लो डावखुरा होता; त्याच्या हातोडीचे तिरके ठसे बोटांना लागायचे. त्याचं या जगात एवढंच उरलं होतं, आणि तेही मी माझ्या नावावर खपवलं होतं.

शुक्रवारी काठी टेकत वर्कशॉपमध्ये आलो. फाउस्तो दारातच उभा होता. बोटांना पट्ट्या, डोळे लाल, चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा.

"बघा बाबा. उजवीकडून बघा."

मी बघितलं. मग वाकून आत हात घातला. सगळं गुळगुळीत.

"जुना मडगार्ड कुठाय?"

"भंगारात दिला. आतापर्यंत वितळलापण असेल."

मी गाडीला धरून उभा राहिलो. तो बोलतच होता. "नव्या गाडीवर मोजायचं यंत्र फिरवलं, डाव्या-उजव्यात केसाचा फरक नाही. जुनीवर फिरवलं आणि धस्सच झालं. अकरा मिलिमीटर, बाबा! रविवारी कुणी मोजलं असतं तर? अख्खं मोदेना हसलं असतं तुम्हाला. तुमच्या डाव्या बाजूचं माप घेऊन उजवी नवी घडवली. हातानेच हं! तीनशे तास लागले."

काम अप्रतिम होतं. मलासुद्धा तसं जमलं नसतं. ओरडावं, त्याला काठीने झोडावं असं वाटलं. पण ओरडून काय परत येणार होतं? नुल्लो दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी मी पुरायलाही नव्हतो.

"ती बाजू नुल्लोची होती," मी म्हणालो.

"कुठली?"

"उजवी. तुझ्या काकाने ठोकली होती. मी नाही."

फाउस्तोने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इस्पितळातल्या नर्सच्या आवाजात म्हणाला, "चूक कुणाकडून होत नाही, बाबा? पण काकांवर कशाला ढकलता? ते बिचारे येऊन नाही म्हणूसुद्धा शकत नाहीत."