चार वाजताची मॅच

"आई, तू त्याला हात लावू नकोस. मी रविवारी येतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"मॅच आज आहे. चार वाजता."

"मग मोबाइलवर बघा ना!"

"तुझ्या बाबांना मोबाइलवर काय दिसणार? मुंग्या," ती म्हणाली आणि तिने मुलाचा फोन ठेवला.

अडीच वाजून गेले होते. नवा टीव्ही आठ दिवसांपासून भिंतीवर ढिम्म होता. लावायला आलेल्या माणसाने स्क्रू पिळले, "इंटरनेट तुमचं तुम्ही जोडून घ्या" म्हणाला आणि चालता झाला. टीव्ही मुलीने पाठवला होता. ती फुटबॉलची रेफरी. बारा वर्षं शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर उन्हातान्हात धावल्यावर आज पहिल्यांदा तिला महिलांच्या लीगची फायनल मिळाली होती. मॅच फक्त इंटरनेटवर दिसणार होती. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची नजर अधू झाली होती, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं होतं. जेवण झाल्यापासून ते खुर्ची टीव्हीकडे वळवून बसले होते. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिने एकोणतीस वर्षं काढली होती. डॉक्टर तिला नावाने ओळखत नसत, 'बोर्डबाई' म्हणत. कुणाला मूल झालं, कुणाचं माणूस गेलं, सगळं आधी तिच्या कानावरून जाई. मग एक दिवस बोर्ड काढून यंत्र बसवलं, आणि शेवटची दोन वर्षं तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. "आता हे तुम्हाला जमायचं नाही," साहेब गोड बोलून म्हणाले होते.

तिने इंटरनेट कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत शेवटी एका मुलीचा आवाज आला.

"मॅडम, घरात कुणी तरुण व्यक्ती आहे का?"

"आहे ना. चौसष्ट वर्षांची. तू सांग."

मुलगी हसली. मग नीट सांगू लागली. रिमोटवरचं घराचं चित्र दाबा. सेटिंग. नेटवर्क. पडद्यावर आजूबाजूच्या घरांची नावं ओळीने उभी राहिली. त्यांत त्यांच्या घराचं नाव दोनदा होतं.

"शेवटी फाइव्ह-जी लिहिलेलं घेऊ नका. तुमचा राउटर आतल्या खोलीत आहे, भिंतीपलीकडे ते पोचत नाही. साधं घ्या. आता राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड टाका."

बोर्डबाईने भिंग लावून पासवर्ड कागदावर उतरवला आणि रिमोटने एकेक अक्षर टिपलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदाही तेच.

"मॅडम, मी माणूस पाठवायची तक्रार नोंदवते. परवा येईल."

"थांब बाळ, फोन ठेवू नकोस. मीही ऑपरेटर होते."

"थांबते, काकू," मुलगी म्हणाली.

बोर्डावर एकच नंबर तीनदा चुकीचा लागला, की ती बोटांना दोष देत नसे. नंबर ज्यावर लिहिलेला असे तो कागद तपासत असे. तिने राउटर पुन्हा उलटा केला. पासवर्डमधलं ते गोल अक्षर तिने 'ओ' म्हणून उतरवलं होतं. खालच्या ओळीत यंत्राचा नंबर होता, त्यात नुसते आकडे. त्यातलं शून्य उभट होतं, अंड्यासारखं. वरचं गोलही तसंच उभट.

"अगं, ओ नाही! शून्य आहे!"

"टाका, काकू, टाका!"

पडद्यावर अक्षरं आली: जोडले गेले.

"लागलं?"

"लागलं!" दोघी एकदमच ओरडल्या. मुलीच्या मागून कुणीतरी "काय झालं गं?" असं विचारलेलंही ऐकू आलं.

मॅचचं चॅनेल शोधून देईपर्यंत मुलगी फोनवरच होती. चारला पाच कमी असताना हिरवंगार मैदान भिंतभर पसरलं. दोन्ही संघांच्या मधोमध, काळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेली त्यांची मुलगी उभी होती.

"आपली," बाबा म्हणाले. अगदी स्पष्ट.

"आपलीच!"

मॅच त्यांनी आपल्या पद्धतीने पाहिली. गोल झाला तेव्हा सगळं स्टेडियम उसळलं आणि बोर्डबाई कॅमेऱ्यावर चिडली, "तिला दाखवा की!" शेवटच्या मिनिटांत मुलीने पेनल्टी दिली तेव्हा सात-आठ खेळाडूंनी तिला गराडा घातला, अंगावर धावून आल्यासारख्या ओरडत होत्या. ती मागे सरली नाही. बोट पांढऱ्या ठिपक्याकडे रोखून तशीच उभी राहिली. मग तोच क्षण सावकाश दाखवला. पाय आधी पायाला लागला होता, चेंडूला नाही.

"बरोब्बर!" बाबांनी चांगल्या हाताने खुर्चीवर थाप मारली. हा शब्द बोर्डबाईने दीड वर्षात त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

शिट्टी झाली. जिंकलेल्या मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, चषक आला, कागदाचे तुकडे उडाले. रेफरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात तिने चेंडू उचलला, काखेत धरला आणि बाहेरच्या वाटेने एकटीच चालू लागली.

बोर्डबाई खुर्चीतून उठली. मुलगी कॅमेऱ्यातून बाहेर जाईपर्यंत ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.